सांगकाम्याला मराठीच कळतं

सांगकाम्या हा शब्द आपल्याकडे कौतुकानं कुणी वापरत नाही. सांगितलं तेवढंच करणारा, स्वतःचं डोकं न चालवणारा, झाडाला पाणी घाल म्हटलं की अख्खी बादली उपडी करून मोकळा होणारा माणूस म्हणजे सांगकाम्या. पण पाच वर्षांच्या मुलाला यंत्रमानव म्हणजे काय हे सांगायची वेळ आली की मला मराठीत याहून नेमका शब्द सापडत नाही. यंत्रमानव म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे सिनेमातला धातूचा राक्षस उभा राहतो. सांगकाम्या म्हटलं की ती लगेच विचारतात, ‘मग मी त्याला काय सांगू?’ या पुस्तिकेतले सगळे खेळ त्या एका प्रश्नातून निघाले आहेत.

पुस्तिका चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आहे, म्हणजे खरं तर त्यांच्याबरोबर जमिनीवर बसणाऱ्या मोठ्यांसाठी आहे. न्यूझीलंडमधल्या मराठी घरांसाठी हे खेळ जमवायला घेतले होते. जमवताना लक्षात आलं, की महाराष्ट्रातल्या बालवाडीताईंनाही ते तितकेच उपयोगी पडतील, कारण यातल्या निम्म्याहून अधिक खेळांना वीजसुद्धा लागत नाही.

सुरुवात मात्र एका यंत्रापासूनच करते. क्राइस्टचर्चच्या एका बालवाडीत मी जमिनीवर बसून पाहत होते. समोर चौकोन आखलेली चटई, आणि चटईवर पिवळी-काळी पट्टेरी मधमाशी. बी-बॉट तिचं नाव. इंग्लंडमध्ये तयार झालेलं हे खेळणं आता जगभरच्या शाळांत दिसतं. तिच्या पाठीवर चार बाण आहेत: पुढे, मागे, डावा, उजवा. मधोमध हिरवी ‘गो’ची कळ. बाण दाबत जायचं, ती ते लक्षात ठेवते आणि हिरवी कळ दाबली की क्रमानं सगळं करून दाखवते. एका पावलाला बरोबर पंधरा सेंटिमीटर पुढे, एका वळणाला बरोबर काटकोन. पडदा नाही, अक्षरं नाहीत.

साडेचार वर्षांच्या एका मुलाला तिला पोहुतुकावा झाडाच्या लाल फुलाच्या चित्रापर्यंत न्यायचं होतं. फूल तिच्या उजव्या हाताला तिसऱ्या चौकोनात होतं. त्यानं उजवा बाण तीनदा दाबला आणि मग हिरवी कळ. अगदी सरळ विचार आहे: तीन घरं उजवीकडे, म्हणून तीनदा उजवा. मधमाशीनं जागच्या जागी पाऊण गिरकी घेतली आणि थांबली. उजवा बाण म्हणजे उजवीकडे वळ, उजवीकडे जा नव्हे, हे तिला पक्कं ठाऊक होतं, त्याला नव्हतं. ‘ही ऐकतच नाही!’ तो वैतागला. मग त्यानं तिचं तोंड पुन्हा आधीच्या दिशेला केलं आणि पुढचा बाण तीनदा दाबून हिरवी कळ दाबली. मधमाशीला आधीची तीन वळणंही आठवत होती. तिनं ती पुन्हा घेतली, तोंड डावीकडे झालं, आणि ती फुलाच्या नेमक्या उलट्या दिशेनं, चटईवरून खाली उतरून बुटांच्या फळीकडे निघाली.

शेजारी बसलेली मुलगी म्हणाली, ‘आधीचं पूस. तिच्या डोक्यात अजून जुनं आहे.’ पुसायची कळ असते, ती तिनं दाखवली. मुलगा उठला, मधमाशीला परत पहिल्या चौकोनात आणून ठेवून तिच्या मागे तिच्याच दिशेला तोंड करून उभा राहिला, स्वतः उजवीकडे वळला आणि तीन पावलं चालला. परत येऊन बसला. पुसलं. उजवा एकदा, पुढे तीनदा, हिरवी कळ. मधमाशी फुलावर जाऊन थांबली. तो टाळ्या वाजवेल असं मला वाटलं होतं. त्यानं तिला उचलून पुन्हा पहिल्या चौकोनात ठेवलं आणि तेच सगळं पहिल्यापासून केलं, मग पुन्हा एकदा.

त्या पाच-सात मिनिटांत बालवाडीच्या ताई एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचा हात दोनदा पुढे आला, दोनदा त्यांनी तो मागे घेतला. या पुस्तिकेतलं मोठ्यांसाठीचं सर्वांत अवघड काम तेच आहे, म्हणून ते इथंच सांगून टाकते.

या वयाच्या मुलाचा दिवस दुसऱ्यांचं ऐकण्यात जातो. उठ, दात घास, बूट घाल, हळू बोल, सांडू नकोस. ते चुकलं तर रागही त्यालाच ऐकावा लागतो. चटईवर बसल्यावर पहिल्यांदा सांगणारा तो असतो आणि ऐकणारं दुसरं कुणी. तेव्हा त्याला कळतं, की आपल्या मनात जे होतं आणि आपण जे सांगितलं, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आईला अर्धवट सांगितलं तरी आई समजून घेते, सांगकाम्या घेत नाही. पण तो रागावतही नाही, हसतही नाही, उद्या कुणाला जाऊन सांगतही नाही. चूक चटईवर सगळ्यांसमोर पडलेली असते, तिच्याभोवती फिरून ती पाहता येते आणि पुसून पुन्हा सांगता येते. कोडिंग या शब्दाचा मला या वयापुरता अर्थ विचाराल तर एवढाच आहे.

ही कल्पना नवी नाही. 1940च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात ग्रे वॉल्टर या मेंदूच्या अभ्यासकानं दिव्याकडे सरकत जाणारी यंत्रकासवं बनवली होती. मुलांना हुकूम करता येईल असं कासव आलं ते अमेरिकेत. 1967मध्ये लोगो ही मुलांसाठीची संगणकाची भाषा तयार झाली, ती करणाऱ्यांत गणितज्ञ सेमूर पेपर्ट होते. पेपर्ट त्याआधी जिनिव्हाला मानसशास्त्रज्ञ ज्यां पियाजेंबरोबर काम करून आले होते. मूल ज्ञान घेत नाही, घडवतं, हा पियाजेंचा विचार त्यांच्यात मुरला होता. लोगोतलं कासव पुढे जाताना जमिनीवर रेघ ओढतं. चौकोन काढायचा तर मुलानं आधी स्वतः चौकोनात चालून पाहावं, असं पेपर्ट सांगत. गणित आधी पायांना कळू द्या, मग ते डोक्यात चढतं. क्राइस्टचर्चच्या त्या मुलाला पेपर्ट कोण ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. अडल्यावर तो आपोआप उठून उभा राहिला.

लोगो टंकावं लागे, म्हणजे वाचता यायला हवं. 1970च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत रेडिया पर्लमन या तरुण संशोधिकेनं न वाचणाऱ्या मुलांसाठी मोठ्या कळांची पेटी बनवली. कळ दाबली की कासव हलतं. पुढे याच पर्लमनबाईंनी संगणकांच्या जाळ्यात निरोप गोल गोल फिरत राहू नयेत यासाठीची पद्धत शोधली, ती आजही वापरात आहे. अशा बुद्धीच्या बाईंनी आधी तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी काम केलं होतं, याची आठवण आपल्याकडच्या बालशिक्षणाला कमी लेखणाऱ्यांना करून द्यावीशी वाटते.

न्यूझीलंडची गोष्ट मात्र यंत्र बाजूला ठेवण्याची आहे, आणि म्हणून ती मला अधिक जवळची वाटते. क्राइस्टचर्चच्या कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल, हॅमिल्टनच्या वायकाटो विद्यापीठातले इयन विटन आणि त्यांचे सहकारी माइक फेलोज यांनी 1990च्या दशकात ‘कम्प्युटर सायन्स अनप्लग्ड’ नावाचा खेळांचा संच तयार केला. बेल आणि विटन हे माहिती कमी जागेत कशी दाबून बसवायची या विषयातले नावाजलेले अभ्यासक. अशा माणसांनी मुलांपुढे संगणक न ठेवता पत्ते, दोरी आणि खडू ठेवले.

त्यातला एक खेळ असा. पाच पत्ते, त्यांवर 1, 2, 4, 8 आणि 16 ठिपके. कुठले पत्ते उघडे ठेवले की आपल्या वयाइतके ठिपके दिसतील? सहा वर्षांची मुलगी चार आणि दोनचा पत्ता उघडते, बाकीचे पालथे. मग तिला आजोबांचं वय हवं असतं, आणि पाच पत्त्यांत 31च्या वर जाता येत नाही म्हणून ती सहावा पत्ता मागते. त्यावर किती ठिपके हवेत हे बहुतेक मुलं स्वतःच सांगतात. उघडा किंवा पालथा या दोनच गोष्टींवर संगणकाचा सगळा हिशोब चालतो, हे पत्ते हाताळून झाल्यावर समजावून सांगावं लागत नाही. शाळेत वृत्तं शिकताना आपण तीन अक्षरांचे आठ गण पाठ केले होते, ते आठवा. प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू, जागा तीन, म्हणून गण आठच. हाच हिशोब आपण वेगळ्या कारणासाठी केला होता.

दुसरा खेळ अंगणातला. खडूनं जमिनीवर रेघा आणि वर्तुळं आखायची. सहा मुलं हातात एकेक आकडा घेऊन एका टोकाला उभी राहतात. वर्तुळात दोघं भेटले की आकडे ताडून पाहायचे. लहान आकड्यानं डावीकडची रेघ धरायची, मोठ्यानं उजवीकडची. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत सहाही जण लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमानं लागलेले असतात. कुणीही कुणाला रांगेत लावलेलं नसतं, आणि मुलांना हे इतकं नवल वाटतं की ती लगेच आकडे बदलून पुन्हा करायला जातात. आम्ही आकड्यांच्या जागी क, च, ट, त, प, य लिहून पाहिलं. मुळाक्षरांचा क्रम मुलांना पाठ व्हायला एक दुपार पुरली.

तिसऱ्या खेळात मुलंच सांगकाम्या होतात. एकानं सूचना लिहायच्या, दुसऱ्यानं त्या वाचायच्या, तिसऱ्यानं चौकोनांवर त्याप्रमाणे चालायचं. लिहिणाऱ्यानं मध्ये बोलायचं नाही. काही चुकलं तर वाचणारा तिथंच थांबवतो, चुकल्या जागेवर खूण करतो आणि कागद लिहिणाऱ्याला परत नेऊन देतो. भूमिका बदलत राहायच्या, हे मी कटाक्षानं सांगते. नाही तर कळ दाबायला नेहमी तेच दोन मुलगे आणि चालायला नेहमी त्याच दोन मुली, असं कधी होऊन बसतं ते कळत नाही.

2011पासून न्यूझीलंडच्या माध्यमिक शाळांत संगणकशास्त्र हा अभ्यासाचा रीतसर भाग झाला. मग 2017च्या डिसेंबरात डिजिटल तंत्रज्ञानाचा नवा अभ्यासक्रम आला आणि 2020पासून शाळांनी तो पहिल्या इयत्तेपासून शिकवावा असं ठरलं. पाचवा वाढदिवस झाला की इथली बहुतेक मुलं शाळेत जाऊ लागतात, म्हणजे हा पाच वर्षांच्या मुलांचा अभ्यासक्रम. त्यातली पहिली पायरी मी मराठी पालकांना मुद्दाम वाचून दाखवते. संगणकाशी संबंध नसलेलं साधं काम घ्या, त्याच्या नेमक्या पायऱ्या पाडा, दुसऱ्याला सांगा, तो करत असताना चूक ओळखा आणि दुरुस्त करा. सरकारी कागदावर पहिल्या पायरीवर यंत्र नाही. ‘मुलाला कुठला रोबोट घेऊ?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते.

शाळेआधीच्या वयासाठी इथं 1996पासून ‘ते व्हारिकी’ हा आराखडा आहे, तो 2017मध्ये सुधारला. व्हारिकी म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेत विणलेली चटई. बालवाडीतल्या ताईंनी यंत्राची मधमाशी चटईवर ठेवली, हा योगायोग असेल. मला तो आवडतो.

माओरी भाषेचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते, कारण आपल्याला तिच्याकडून घेण्यासारखं पुष्कळ आहे. माओरीत संगणकाला ‘रोरोहिको’ म्हणतात: रोरो म्हणजे मेंदू, हिको म्हणजे वीज. डिजिटलला ‘मातिहिको’. त्यातला माती हा बोटांवरून आलेला शब्द आहे, आणि बोटांवर मोजणं हेच तर मोजण्याचं मूळ. आणि रोबोटला ‘कारेताओ’. कारेताओ ही जुनी कोरीव लाकडी बाहुली. दोरी ओढली की तिचे हात हलतात आणि गाण्याच्या साथीनं ती नाचते. हे वाचलं तेव्हा मला सिंधुदुर्गातलं पिंगुळी आठवलं. तिथल्या ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्या. कळ आणि सूत्र. कळ म्हणजे युक्ती आणि कळ म्हणजे दाबायचं बटणही. सूत्र म्हणजे दोरा आणि सूत्र म्हणजे गणितातलं सूत्रही. माओरींनी आपल्या बाहुलीचं नाव यंत्राला दिलं. आपल्याजवळ इतका भरलेला शब्द असताना आपण तो बासनात बांधून ठेवला आहे. म्हणून पुस्तिकेतल्या एका खेळाचं नाव मी ‘कळसूत्री’ ठेवलं आहे.

माओरी सभागृहांच्या भिंतींवर ‘तुकुतुकु’ नावाची जाळीची नक्षी असते. ती दोन माणसं मिळून करतात, एक पुढच्या बाजूला, एक मागच्या. दोऱ्याचं टोक या हातातून त्या हातात जातं. त्यातल्या ‘पोउतामा’ या पायऱ्यापायऱ्यांच्या नक्षीचा अर्थ शिकत वर चढणं असा लावतात. मुलांनी ती नक्षी चटईवर मधमाशीला चालायला लावली तर सूचना होतात: एक पुढे, उजवीकडे वळ, एक पुढे, डावीकडे वळ, आणि पुन्हा तेच. ‘पुन्हा तेच’ हे मुलाच्या तोंडून आपोआप येतं. दहा वेळा कळा दाबायचा कंटाळा येऊन ‘पुन्हा तेच असं सांगता नाही का येत?’ असं त्यानं विचारलं, की समजावं त्याला पुनरावृत्तीची गरज कळली.

आपल्याकडेही विकतच्या साहित्याशिवाय मुलांना शिकवून दाखवणारी माणसं होऊन गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं आणि 1950च्या दशकात ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरीचं महागडं साहित्य आदिवासी पाड्यावर कुठून येणार? त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं घेतली. मुलं शाळेत येईनात तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. ‘अनप्लग्ड’चे खेळ वाचताना कोसबाडची आठवण मला पानोपानी झाली.

आता मराठी घरांविषयी. परदेशातल्या आमच्या मुलांना मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीतून येतं. रागावून, विनवून, बक्षीस लावून आम्ही सगळे थकलो आहोत. या खेळांत मी एक नियम घातला: सांगकाम्याला मराठीच कळतं. इंग्रजी कानावर पडलं की तो जागचा हलत नाही. या नियमानं जे केलं ते माझ्या वर्षानुवर्षांच्या टोकण्यानं केलं नव्हतं. पुढे, मागे, वर, खाली, आत, कडेला, अर्धं, उलटं, आधी, नंतर, जोपर्यंत, जर, तर: हे शब्द गोष्टीच्या पुस्तकांतून यायला वेळ लागतो, कारण ऐकताना त्यांच्यावाचून भागतं. सांगताना भागत नाही.

एक दुपार सांगते. हिवाळ्यातले दिवस, आमच्याकडे साडेतीन वाजलेले, साताऱ्यात सकाळचे नऊ. माझा सहा वर्षांचा नातू टॅब्लेटवरून आपल्या पणजीला तूपसाखरेची पोळी करायला सांगत होता. ती सांगकाम्या झाली होती, आणि तिच्यासारखी सांगकाम्या मी पाहिलेली नाही.

‘आजी, पोळीवर तूप ठेव.’

तिनं तुपाची बरणी उचलून पोळीवर ठेवली आणि हात जोडून बसली.

‘असं नाही! बरणी उघड आधी.’

उघडली. ‘उघडली बघ. पुढं?’

‘तूप लाव.’

‘कशानं लावू? कुठं लावू?’

तो बराच वेळ गप्प राहिला. चमचा हा शब्द त्याला येत होता, पसरव हा येत नव्हता. त्यानं हवेत हात गोल फिरवला. ती ढिम्म. ‘मला दिसत न्हाई रं बाळा, तोंडानं सांग.’ शेवटी तो म्हणाला, ‘चमच्यानं तूप घे, पोळीच्या मधे टाक, आणि मग चमचा गोल गोल फिरव, पोळी संपेपर्यंत.’ पोळी संपेपर्यंत! पसरव हा शब्द आला नाही, पण कुठं थांबायचं ते त्यानं सांगितलं होतं, आणि ते सांगायला भलेभले विसरतात. पणजीनं पोळीची गुंडाळी केली आणि त्याच्यासमोर खाल्ली. दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून टॅब्लेट घेऊन आला.

पालकांच्या मनातली घाई मला माहीत आहे. सहा-सात वर्षांच्या मुलांना कोडिंग शिकवून त्यांचं भविष्य घडवण्याच्या जाहिराती आपण सगळ्यांनी पाहिल्या. मूल मागे पडेल या भीतीवर उभा असलेला तो बाजार मला मनापासून टोचतो. आज शिकवलेली कोडिंगची भाषा हे मूल नोकरीच्या वयाचं होईल तेव्हा कदाचित कुणी वापरतही नसेल. मोठं काम छोट्या पायऱ्यांत पाडणं, चुकलं तर नेमकं कुठं ते शोधणं आणि न रडता पुन्हा सांगणं हे मात्र त्याला पोळी लाटतानाही लागेल. म्हणून पुस्तिकेत कुठंही वयानुसार उद्दिष्टं दिलेली नाहीत. चार वर्षांच्या मुलाला एकच पाऊल सांगायचं असेल तर तेवढं पुष्कळ झालं.

यंत्राला माझा विरोध नाही. मधमाशी मिळाली तर जरूर आणा. चार घरांत मिळून एक पुरते. ती महिन्या-दोन महिन्यांनी आणा, मुलांनी एकमेकांना चालवून झाल्यावर. मग तिच्याविषयी मुलांचे प्रश्न बदलतात. ‘ही काय काय करते?’ असं न विचारता ती विचारतात, ‘हिला काय काय कळतं?’

पुस्तिकेतल्या खेळांचा क्रम पाळलाच पाहिजे असं नाही, पण त्यातला पहिला खेळ आधी घ्या. तो आपला जुना ‘शिवाजी म्हणतो’च आहे. शिवाजी म्हणतो, हात वर. तर हात वर करायचा. नुसतं ‘हात वर’ म्हटलं तर हलायचं नाही. ‘जर’ आणि ‘तर’ यांचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही. त्यानंतर फरशीचा खेळ. त्याला लागतात घरातल्या आठ-दहा फरश्या, एक खडू, शेवटच्या फरशीवर ठेवायला लाडवाची वाटी, आणि सांगितलं तेवढंच करायला तयार असलेलं एक मोठं माणूस. आजी-आजोबा असतील तर उत्तम. गुडघे दुखत असतील तर त्यांना खुर्चीवर बसवा आणि त्यांच्या हातात वाटी द्या. पावलं टाकायला बाबांना उभं करा.